घाशीराम एकटा नव्हता

मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या, नाटकं आणि मालिका लिहिणाऱ्या सर्वांना,



तुमची पुस्तकं मी शाळेत असल्यापासून वाचत आले. रणजित देसाईंच्या 'स्वामी'ने पेशवाईची ओळख करून दिली, ना. सं. इनामदारांच्या 'झेप'ने त्रिंबकजी डेंगळे माणूस म्हणून समोर आणला, विश्वास पाटलांच्या 'पानिपत'ने रात्री जागवल्या. पुढे मोडी शिकले, छापील दफ्तरं वाचू लागले, तीही तुम्ही लावलेल्या गोडीमुळेच. त्यामुळे हे पत्र तक्रारीचं असलं तरी परक्या माणसाचं नाही.

तक्रार अशी आहे. सत्ता माणसाला कशी चिरडते हे लिहायची वेळ आली की तुम्ही एक दुष्ट माणूस शोधता. कधी कोतवाल, कधी महत्त्वाकांक्षी बाई, कधी फितूर सरदार. सगळं पाप त्याच्या माथी येतं, शेवटी त्याला शिक्षा होते आणि वाचक सुटकेचा श्वास टाकून पुस्तक मिटतो. दफ्तरं वाचताना मला दिसलं ते असं, की रोजच्या जुलमाला दुष्ट माणसाची गरजच पडत नव्हती. हिशेब लिहिणारा कारकून, दंड ठरवणारी चावडी, प्रायश्चित्त सांगणारे शास्त्री आणि शेजाऱ्याची चहाडी करणारा शेजारी एवढ्यांवर ते काम बिनबोभाट चालत होतं. हे सगळे लोक तुमच्या पानांवर यावेत, हे मला मागायचं आहे. नुसतं मागून ते पटणार नाही, म्हणून उदाहरणांनी मागते.

घाशीराम सावळदासापासूनच सुरुवात करू. औरंगाबादकडून आलेला हा उत्तरेकडचा ब्राह्मण १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला आणि १७९१ पर्यंत त्या जागेवर राहिला. १७९१ च्या ऑगस्टअखेर, श्रावणात ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेसाठी पुण्यात आलेल्या तेलंग ब्राह्मणांपैकी काही जणांना त्याच्या माणसांनी पकडलं. कोतवालाच्या बागेतली कणसं तोडली, असं निमित्त सांगतात. त्यांना एका अरुंद जागेत कोंडून घातलं. दार उघडलं तेव्हा विसाहून अधिक माणसं गुदमरून मेलेली होती. शहर खवळलं, जमाव पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांच्या वाड्यापुढे येऊन बसला, आणि ३१ ऑगस्टला घाशीरामाला त्या जमावाच्या हवाली करण्यात आलं. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्ये या माणसाच्या नावाने पुस्तक लिहिलं. विजय तेंडुलकरांचं त्याच्यावरचं नाटक १९७२ मध्ये जब्बार पटेलांनी रंगमंचावर आणलं. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं घाशीराम मराठी साहित्यात आहे. तरीही त्याची कोतवाली नेमकी काय होती, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतं. पुण्याच्या कोतवालाकडे रात्रीची गस्त होती. तोफ झाल्यावर रस्त्यात दिसेल त्याला सकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवायचं. पण त्याखेरीज बाजारातली वजनंमापं, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद, बाहेरगावाहून आलेल्या माणसांवर नजर, लहानसहान भांडणांचे निवाडे हेही त्याच्याकडेच होतं. कुणाच्या घरात कोण राहतं, कोणाची बायको कोणाकडे जाते, कोणाच्या घरी रात्री कोण येतं, हेही कोतवालीच्या कामातच येत होतं. त्यातून दंड वसूल होई आणि तो सरकारच्या हिशेबात जमा होई.

म्हणजे चौदा वर्षं हा माणूस सरकारला पैसे आणून देत होता आणि त्या पैशांचा हिशेब तपासला जात होता. १७९१ च्या त्या रात्रीआधी त्याच कोठड्यांमध्ये कोण कोण बसलं असेल? कुणबी, कासार, कलावंतीण, बाजारात फसलेला एखादा परगावचा माणूस. त्यांच्यासाठी नानांच्या दारी जमाव गेल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. आणि घाशीराम मेल्यावर काय बदललं? दुसरा कोतवाल आला. पेठा त्याच, चावडी तीच, दंडही तेच, आणि ही व्यवस्था १८१८ पर्यंत चालली. ज्यांनी त्याला नेमलं, चौदा वर्षं ठेवलं आणि शेवटी चौकशीऐवजी जमावाच्या हाती दिलं, त्यांच्या कारभाराला त्या दगडांतला एकही लागला नाही. कादंबरीकाराने इथून सुरुवात करायला हवी होती. आपण मात्र इथे येऊन थांबतो.

तेंडुलकरांनी हे ओळखलं होतं. त्यांच्या नाटकात घाशीराम एकटा उभा नाही. सत्तेने त्याला वापरलेलं आणि काम झाल्यावर फेकून दिलेलं दिसतं. त्यावर वाद झाला तो मात्र नाना फडणिसांच्या चारित्र्यावर. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवलं, १९७३ मध्ये थिएटर अकादमी उभी राहिली आणि पुढे तिने ते पुन्हा चालू केलं, १९८० मध्ये परदेश दौऱ्याच्या वेळी पुन्हा विरोध उसळला. या सगळ्या वादात नानांची बदनामी झाली की नाही, यावर भरपूर शाई खर्ची पडली. त्या नाटकातला दिव्याचा प्रसंग आठवा. चोरीचा आळ आलेल्या माणसाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवला जातो. प्रेक्षक तो घाशीरामाचा क्रूरपणा समजतात. इतिहासात दिव्य ही न्यायाची मान्य रीत होती. गोतसभा बसे, शास्त्री विधी सांगत, हाताला पानं बांधली जात, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावत, आणि त्याचा कागद लिहून ठेवला जाई. निवाडा झाला की जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकार घेत असे. हात पोळवणारी माणसं विकृत नव्हती. ती गावातली प्रतिष्ठित माणसं होती आणि आपण धर्माने वागतो आहोत अशी त्यांची खात्री होती. असा माणूस लिहायला घाशीरामापेक्षा फार कठीण आहे, हे मला कळतं. तुमच्यातल्या थोरांकडे ती ताकद आहे, म्हणूनच मागते आहे.

दुसरी तक्रार बायकांची. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पगार थकलेले गारदी वाड्यात घुसले, सुमेरसिंग त्यांच्या पुढे होता, पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांचा त्यात हात होता आणि न्यायाधीश रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी धरलं. एवढं पुरेसं भयंकर आहे. पण मराठी मनात या खुनाचं जे चित्र आहे त्यात मध्यभागी रघुनाथरावांची पत्नी आनंदीबाई बसलेली आहे आणि ती 'धरावे' या हुकुमातल्या 'ध'चा 'मा' करून 'मारावे' लिहिते आहे. तो बदललेला कागद आजवर कुणी दाखवलेला नाही. नाटकांनी, प्रभातच्या 'रामशास्त्री' या १९४४ च्या चित्रपटाने आणि नंतरच्या असंख्य पुनरुक्तींनी ती गोष्ट पुराव्याशिवाय पक्की केली. वाड्याच्या आत सशस्त्र माणसं पगाराविना का होती, त्यांना कोण चिथवू शकत होतं, राज्याचा वारसा ठरवायची रीतच कशी मोडली होती, या प्रश्नांपेक्षा एका बाईची लेखणी आपल्याला सोयीची वाटली.

आणि ज्या बायकांबद्दल खरोखर कागद आहेत त्यांच्याबद्दल तुम्ही लिहीत नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून काढलेले पेशव्यांच्या रोजनिशीचे खंड उघडा. बदअंमलाच्या, म्हणजे व्यभिचाराच्या, आरोपात सापडलेल्या बायका दिसतील. कुणाला दंड, कुणाला किल्ल्यावर कैद, तिथे इमारतीच्या कामावर किंवा कोठीत राबणं, रोजचा शिधा ठरवलेला. कुणबिणी दिसतील, बटकी दिसतील: विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या, एका घरातून दुसऱ्या घरी पाठवलेल्या. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा आणि मालकाची मर्जी. त्यांना मूल झालं की तेही मालकाचं. सुटका हवी असेल तर स्वतःची किंमत भरायची किंवा आपल्या जागी दुसरी बाई आणून द्यायची. ना. गो. चापेकरांनी १९३७ मध्ये 'पेशवाईच्या सावलीत' या पुस्तकात जुन्या कागदांतून त्या काळचा रोजचा व्यवहार उभा केला. उमा चक्रवर्ती आणि वि. स. कदम यांनी या बायकांवर अभ्यासपूर्ण लिहिलं आहे. सामग्री नाही असं म्हणायला जागाच उरलेली नाही.

तुमच्या वाड्यांमध्ये मात्र दासी फक्त आरती घेऊन येते, पडदा सरकवते, निरोप सांगते. मालिकेत तिला चांगली नऊवारी, नाकात नथ आणि दोन वाक्यं मिळतात. ती या घरात कशी आली, हे कुणी विचारत नाही. ज्या बाईच्या जागी दुसरी बाई आणून दिली की तिला सोडायचं असं ठरलं, तिने ती दुसरी बाई कुठून आणली असेल? हा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. एवढं थरारक कथाबीज जगातल्या कोणत्याही साहित्यात सापडलं तर आपण त्याचं कौतुक करू. ते आपल्या कागदांत पडून आहे.

तिसरी गोष्ट तलवारीशिवाय चालणाऱ्या सत्तेची. कुणी कुणाला कसा नमस्कार करावा, हेसुद्धा त्या काळी राज्य ठरवत होतं. नारायणरावांच्या छोट्या कारकिर्दीत प्रभू समाजाकडून लेखी कबुली घेतली गेली. वेदमंत्र म्हणायचे नाहीत, अभिवादनाला दंडवत म्हणायचं, अशी कलमं त्यात होती. १७७९ मध्ये पुण्याच्या सरकारच्या सांगण्यावरून मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांना एकमेकांना 'नमस्कार' म्हणायला मनाई केली. एका समाजाला चारचौघांत आपसांत काय म्हणायचं हे दोन सरकारं मिळून ठरवत होती, त्यातलं एक इंग्रजांचं. विधवेने पाट लावला, म्हणजे पुनर्विवाह केला, की पाटदाम हा कर, लग्नाला लग्नटका. माणसाच्या जन्मातल्या प्रत्येक वळणावर कुणीतरी वही घेऊन बसलेलं होतं. तुमच्या कादंबऱ्यांत मसलती, लढाया आणि खलिते आहेत. ती वही कुठेच दिसत नाही.

आणि ज्यांना वहीतही जागा नव्हती त्यांचं काय? फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या १४ वर्षांच्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तिच्या आजोबांच्या पिढीला पेशवाई आठवत होती. बाजीरावाच्या काळात तालमीवरून गेलेल्या मांग-महाराची काय गत होई, हे तिने लिहिलं आहे. त्या मुलीने जे सरळ लिहिलं ते लिहायला आपल्या ऐतिहासिक कादंबरीला अजून धीर झालेला नाही. ज्या पुण्यात तुमचे नायक हत्तीवरून मिरवतात त्याच पुण्यात, त्याच वर्षांत, ही माणसं जगत होती. त्यांना पार्श्वभूमीतही जागा न देणं हा केवळ विसराळूपणा आहे, असं मला आता म्हणवत नाही.

इथे दक्षिणेची एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या व्यवसायाशी थेट जोडलेली आहे. खंडेराव दाभाड्यांनी तळेगावात सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा पुढे पेशव्यांकडे आली. १७९१ मध्ये ते तेलंग ब्राह्मण याच दक्षिणेसाठी पुण्यात आले होते. इंग्रजांनी ती कमी करत चालू ठेवली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागणी केली, की यातला काही पैसा मराठी पुस्तकांना द्या. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. म्हणजे मराठी गद्याला मिळालेली सुरुवातीची बक्षिसं त्याच पैशाच्या वंशातली. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक याच कमिटीकडे पाठवलं. गरोदर बाईला ग्रहांची भीती घालून कुणबी जोडप्याला लुबाडणाऱ्या जोश्याचं ते नाटक. कमिटीने ते नाकारलं, आणि जोतीरावांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. सत्तेवर कोणी लिहायचं आणि त्यातलं काय छापायचं, याचा निर्णय मराठीत असा अगदी पहिल्या वर्षांपासून होत आला आहे. तुम्ही लिहायला बसता तेव्हा त्या खोलीत तो जुना निर्णयही बसलेला असतो.

असं सगळं मराठी कादंबरीला जमत नाही, हे मी मान्य करणार नाही. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून, म्हणजे १८५७ पासून, आपली कादंबरी विधवांच्या छळाविषयी बोलते आहे. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये यमूच्या घरातला जाच असा लिहिला, की तो कुणा एका माणसावर येऊन थांबत नाही आणि श्वास कोंडतो. सासरची माणसं, सोवळ्याओवळ्याचे नियम, चार माणसांचं बोलणं, यांतूनच ती मुलगी संपत जाते. त्याच हरिभाऊंनी त्याच दशकात 'उषःकाल' लिहिली आणि तिथे मात्र जुलूम बाहेरून, परक्या सत्तेकडून येतो. एकाच लेखकाच्या एका हाताला घरातली सत्ता दिसत होती, दुसऱ्या हाताला तिचा विसर पडत होता. गेली सव्वाशे वर्षं आपण ऐतिहासिक कादंबरीत त्या दुसऱ्या हातानेच लिहीत आलो. यमूचं घर लिहिणारा हात शनिवारवाड्यात, चावडीवर, किल्ल्याच्या कोठीत घेऊन जा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पेशवाईबरोबर हे संपलं असं वाटत असेल तर १८९० चं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण घ्या. मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली म्हणून पुण्यातल्या नामवंतांवर जातबहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत गेलं. इंग्रज सरकारचे न्यायाधीश असलेले महादेव गोविंद रानडे यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ज्याच्या शब्दावर कज्जे निकाली निघत होते त्याला जातीच्या शब्दापुढे मान तुकवावी लागली. घरातल्या बायकांच्या माहेरपणावर, मुलींच्या लग्नावर, श्राद्धाला ब्राह्मण मिळण्यावर बहिष्काराचा कसा ताण येतो, हे त्यातून उमगतं. यावर मोठी मराठी कादंबरी मला माहीत नाही. आणि महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१६ मध्ये. अंमल सुरू झाला २०१७ मध्ये. जातपंचायतीने दंड ठोठावलेली, वाळीत टाकलेली कुटुंबं आजही पोलिसांत तक्रार द्यायला जातात. तुमची जुनी कोतवाली वाचणारा वाचक याच राज्यात राहतो.

आता थोडं तुमच्या अडचणींबद्दल. भावना दुखावल्याची ओरड होते, निर्माते घाबरतात, नायकाचे वंशज आणि नायकाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघटना दारात येतात. हे मला दिसतं आणि तुमच्या बाजूने उभं राहण्याची माझ्यासारख्या वाचकांची जबाबदारी आहे, ती आम्ही पुरेशी पाळलेली नाही. पण याच भीतीपोटी पुस्तकाच्या सुरुवातीला छापली जाणारी ती सूचना, की सर्व पात्रं काल्पनिक समजावीत, ती बदलावी असं मला वाटतं. तिने तुमचं रक्षण होत नाही आणि वाचकाला काही कळत नाही. त्याऐवजी दोन पानं लिहा: कोणता प्रसंग कागदात आहे, कोणता बखरीत आहे, कोणता परंपरेने सांगितला जातो आणि कोणता तुम्ही रचला. कल्पना करण्याचा तुमचा हक्क त्याने कमी होत नाही. आनंदीबाईसारखी एखादी बाई पुढची दोनशे वर्षं तुमच्या कल्पनेची शिक्षा भोगणार नाही, एवढं मात्र त्याने होईल.

शेवटची विनंती व्यवहाराची. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतल्या कागदांचे हजारो रुमाल आहेत. सरदेसायांनी १९३० च्या दशकात पेशवे दफ्तरातून ४५ खंड छापले, ते त्यातला लहानसा भाग. मोडी वाचणारी तरुण मुलंमुली आज महाराष्ट्रात आहेत आणि त्यांना काम हवं आहे. मालिकेसाठी वेशभूषाकार आणि तलवारबाजी शिकवणारा माणूस मागता, तसा निर्मात्याकडे मोडी वाचणारा माणूसही मागा, आणि त्याला योग्य मोबदला द्यायला लावा. कादंबरीकारांनी प्रकाशकाकडे हीच मागणी करावी. कोतवालीचे, बटकींचे, किल्ल्यावरच्या कैदी बायकांचे कागद एकदा त्यांच्याकडून वाचून घ्या. मग काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.



आपली नम्र,
एक वाचक
पुणे